हिरवळीचा भाव

मागच्या एप्रिलमध्ये मुलगा पुण्याहून दोन दिवसांसाठी नांदगावला आला, तो नेमका आमच्या गल्लीत नळ येण्याच्या दिवशी. ज्यांच्या घरी तोटी फिरवली की पाणी येतं त्यांना या दिवसाचं महत्त्व कळायचं नाही. त्या दिवशी आमच्याकडे कोणी गावाला जात नाही, कोणी लग्नाची तारीख धरत नाही. हंडे, कळश्या, बादल्या, प्लॅस्टिकचे ड्रम, झालंच तर वरण शिजवायची पातेलीसुद्धा ओट्यावर ओळीनं मांडून ठेवलेली असतात. त्या सगळ्या भांड्यांच्या गर्दीत, जरा कोरडी जागा बघून, मुलानं एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक उघडलं.

पुस्तक कसलं, जाहिरातच ती. समुद्राजवळ, गोल्फ कोर्सच्या काठी, नव्या व्हिलांची विक्री. पानभर पसरलेली हिरवळ, तिच्या कडेला लाल कौलांची बैठी घरं, मागं निळी रेघ. शेवटच्या पानावर किमती होत्या. मी चष्मा पुसून शून्यं पुन्हा मोजली.

‘‘अण्णा, आपली ती सहा एकर कोरडवाहू विकली तर बुकिंग आणि पहिले दोन हप्ते सहज निघतात,’’ मुलगा म्हणाला. ‘‘बाकीचं कर्ज मी काढतो. तुम्ही आणि आई तिथं राहा. किती दिवस असे हंडे भरणार?’’

त्याच्या बोलण्यात लोभ नव्हता, मायाच होती. म्हणूनच मला पटकन ‘नाही’ म्हणता येईना. ती सहा एकर म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात माझ्या वडिलांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, आणि त्यानंतरच्या वर्षांत पै-पै जमवून जिथं विहीर खणली ती जमीन. पावसाळा बरा झाला तर बाजरी, मका आणि थोडा कांदा. नाही झाला तर नुसता सातबारा.

सौभाग्यवती तोवर नळाशी बसून होत्या. त्यांनी मान वळवून चित्र पाहिलं आणि विचारलं, ‘‘एवढं सगळं हिरवं? मग याला रोज पाणी कोण घालतं हो?’’

आयुष्यभर शाळेत भूगोल मी शिकवला, आणि पहिला प्रश्न मात्र तिला सुचला!

जागा पाहून येऊ, असं ठरलं. मे महिन्यात आम्ही तिघं कोकणात उतरलो. त्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण माझं भांडण कोणा एकाशी नाही. आमचं स्वागत शहाळ्यानं झालं. विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीतून एक तरतरीत तरुण आम्हाला फिरवू लागला. आजूबाजूच्या डोंगरउतारावर मेमधलं गवत वाळून पिवळं पडलेलं, जांभा दगड तापलेला, आणि मध्येच तो हिरवागार गालिचा! नांदगावच्या माणसाला अशी हिरवळ पाहून आधी आनंद होतो आणि मग छातीत धडधडतं. ठिकठिकाणी जमिनीतून फवारे उडत होते. सौभाग्यवतींनी पायातल्या चपला काढून गवतावर पाऊल ठेवलं आणि लगेच मागं घेतलं, जणू कोणाच्या ताटात पाय पडला.

‘‘पाण्याचं काय?’’ मी विचारलं.

‘‘पाण्याचा प्रश्नच नाही, काका,’’ तरुण हसून म्हणाला. ‘‘चार बोअर आहेत आपल्या.’’

हे वाक्य मी ओळखतो. आमच्या भागात बोअर मारणारा प्रत्येक माणूस रिग उभी करताना हेच म्हणतो. पुढं तीनशे फुटांवर नुसता फुफाटा निघाला की तो गाडी वळवून निघून जातो आणि प्रश्न आपल्या वावरात राहतो.

रात्री मुक्कामी मी जाहिरातीच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. वाचकहो, हा हिशेब कोणालाही करता येईल. 18 होलच्या गोल्फ कोर्सला साधारण 50 ते 60 हेक्टर जागा लागते. सगळीच भिजवावी लागत नाही; आपण 30 हेक्टर धरू. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी हवं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे 10 हजार लिटर. पाच मिलिमीटर म्हणजे 50 हजार. त्याला तिसानं गुणा. दिवसाला 15 लाख लिटर! दहा हजार लिटरचे 150 टँकर, रोज.

आता ही दुसरी बाजू बघा. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाण्याचं माप धरलं आहे. त्या मापानं हे पाणी 27 हजार माणसांचं होतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी गेली, तेव्हा सगळ्या देशानं ती दूरदर्शनवर पाहिली. त्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे एका हिरवळीसाठी रोज तशा तीन गाड्या.

मुलानं आकडे तपासले. तो इंजिनिअर आहे, त्याला चूक काढता आली नाही. पण त्यानं रास्त शंका काढली. ‘‘कोकणात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, अण्णा. आपल्याकडे पाचशे-सहाशेवर समाधान मानतात. इथं पाण्याला काय तोटा?’’

तोटा आहे, आणि तो कोकणातल्या बायकांना विचारावा. पाऊस पडतो तो चार महिन्यांत. जांभ्याचा दगड चाळणीसारखा. डोंगरावर पडलेलं पाणी बघता बघता समुद्राला मिळतं. मार्च उजाडला की कोकणातल्या कित्येक वाड्यांतही विहिरीचा तळ दिसतो. शिवाय किनाऱ्याजवळच्या जमिनीखाली एक गंमत असते. गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ नियम असा, की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली चाळीसेक फूट असतं. उलट, उपसा करून वरची पातळी एक फूट उतरवली की खारं पाणी खालून चाळीस फूट वर सरकायला बघतं. आमची विहीर आटली तर पुढच्या पावसाळ्यात भरते. किनाऱ्याजवळची विहीर एकदा खारी झाली, की गोडी व्हायला कैक वर्षं जातात. आणि ती विहीर व्हिलावाल्याची नसते. ती खालच्या वाडीतल्या माडांची, गाईगुरांची आणि माणसांची असते.

गंमत म्हणजे या खेळाचा जन्म पाणी न घालता वाढणाऱ्या गवतावर झाला. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर शेती आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांची पट्टी असते. तिथं पीक येत नाही. मेंढ्या चरत, गवत आपोआप खुरटं राही, आणि आभाळातून बारमाही भुरभूर चालू असे. सेंट अँड्र्यूजला 1764 साली 18 होलची रीत पडली, ती अशा जागेवर. म्हणजे ज्या जागेचा कोणाला उपयोग नाही तिथं, मेंढपाळांच्या सोबतीनं, फुकटच्या पावसावर खेळायचा हा खेळ. आमच्या धनगरांनी त्या पट्टीला सरळ माळरान म्हटलं असतं!

इंग्रजांनी हा खेळ आपल्याकडे आणला. कलकत्त्याचा क्लब 1829 सालचा. नाशकातही त्याची खूण आहे. शहरातल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला अजून लोक ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात. ज्या कान्हेरेंनी 1909 साली विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली, त्यांचं नाव साहेबाच्या खेळाच्या मैदानाला मिळालं, हा काळानं उगवलेला सूडच. पण साहेबाकडे एक शहाणपण होतं, तेही सांगायला हवं. कोरड्या मुलखातल्या छावण्यांत त्यानं हिरवळीचा हट्ट धरला नाही. भोकाभोवतीची जागा त्यानं तेल मिसळलेल्या वाळूची केली. तिला ‘ग्रीन’ऐवजी ‘ब्राऊन’ म्हणत. राज्य करायला आलेल्या परक्यानं मुलूख बघून खेळ बदलला, आणि आपण आता खेळासाठी मुलूख बदलायला निघालो आहोत.

परतीच्या वाटेवर मुलाला म्हटलं, थोडी वाकडी वाट करू. शिरोडा, रेडी करत आम्ही तेरेखोलला गेलो. नदीच्या उत्तरेला, महाराष्ट्राला चिकटलेलं पण गोव्यात मोडणारं हे चिमुकलं गाव. वर सावंतवाडीच्या भोसल्यांचा जुना किल्ला, 1746 साली पोर्तुगिजांनी घेतलेला. उतारावर काजू. काही वर्षांपूर्वी याच गावात 18 होलचा गोल्फ कोर्स, हॉटेल आणि व्हिला यांची योजना आली. 2015 साली जमिनीवर यंत्रं चालली, काजूची झाडं पडली आणि गावकरी आडवे आले. आम्ही इथली कुळं, ही जमीन आम्ही कसत आलो, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण कोर्टकचेऱ्यांत गेलं. गोव्याला हे भांडण नवं नाही. 1987 साली ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी जर्मन पर्यटकांच्या गाड्यांवर शेण फेकलं होतं, तेव्हाही वाद पंचतारांकित पर्यटन कोणाचं पाणी आणि कोणाची जमीन खातं हाच होता. पुढं 1993 च्या 29 एप्रिलला जपान, थायलंड आणि मलेशियातल्या संघटनांनी मिळून गोल्फ कोर्सविरोधी जागतिक चळवळच सुरू केली. शेण फेकावं असं मी म्हणणार नाही. पण रागाचं कारण समजून घ्यायला काय हरकत आहे?

तेरेखोलच्या किल्ल्यावरून समुद्र बघत मुलगा बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, ‘‘आपली जमीन विकून दुसऱ्या कोणाची जमीन मोडायची, असंच ना हे?’’ मी काही बोललो नाही. पोराला स्वतःहून सुचलेलं वाक्य बापानं पुरं करू नये.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सगळेच गोल्फ कोर्स बोअरवर चालतात असं नाही. सांडपाणी शुद्ध करून हिरवळीला देता येतं, खारट पाणी सोसणाऱ्या पास्पॅलमसारख्या गवताच्या जाती आहेत, भिजवायचं क्षेत्र कमी ठेवता येतं. गावातल्या पोरांना तिथं कामही मिळतं. समुद्राकाठी चार दिवस निवांत राहावं ही इच्छा काही पाप नव्हे. म्हणून मी मुलाला ‘घेऊ नको’ म्हटलं नाही. प्रश्न लिहून दिले, आणि असं पुस्तक ज्या वाचकांच्या घरी आलं असेल त्यांच्यासाठी इथंही देतो.

पहिला, पाणी कुठून येणार, आणि भूजल उपसायची परवानगी कागदावर आहे का? दुसरा, गोल्फ कोर्स कोणाच्या मालकीचा? व्हिला तुमचा, पण हिरवळ बिल्डरची, असा प्रकार असेल तर वीस वर्षांनी तिला पाणी घालायचा खर्च कोण देणार? तिसरा, जागा किनारा नियमन क्षेत्रात येते का? 1991 पासून हे नियम आहेत. 2011 आणि 2019 साली ते बदलले, पण भरतीरेषेपासूनचं अंतर अजून मोजावंच लागतं. चौथा, महारेराचा नोंदणी क्रमांक कोणता? करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, आणि ग्राहकांच्या पैशांतले सत्तर टक्के त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. 2016 च्या कायद्यानं दिलेला हा आधार सोडू नये.

मुलानं चारही प्रश्न कंपनीला पाठवले. तीन प्रश्नांना व्यवस्थित उत्तरं आली. पाण्याच्या प्रश्नाला एक फोन आला. तोच तरतरीत आवाज म्हणाला, ‘‘सांगितलं ना सर, पाण्याचा प्रश्नच नाही.’’

मुलानं बुकिंग केलं नाही. कायमचा विचार सोडला आहे, असंही तो म्हणत नाही. आणि मीही त्याला शपथ घातलेली नाही. आमच्या तालुक्यातल्या गिरणा धरणाचं पाणी कालव्यांनी लांब जळगावकडे जातं, आणि आमच्या मनमाडकरांनी वर्षानुवर्षे पंधरा-पंधरा दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट बघितली. पाणी नेहमी वजनदाराकडे वाहतं, हे शिकायला आम्हाला कोकणात जायची गरज नव्हती. त्या वजनदारांच्या रांगेत आपण उभं राहायचं का, एवढंच आमच्या घरात ठरायचं होतं.

सहा एकरांचा सातबारा अजून माझ्या नावावर आहे. उद्या मुलाच्या नावावर होईल, तेव्हा तो ठरवेल. जूनमध्ये तो पुन्हा आला, तेव्हा आम्ही दोघं वडिलांच्या विहिरीवर गेलो. तळाशी हातभर पाणी होतं. त्यानं दोरी सोडून खोली मोजली आणि गाळ काढायला किती खर्च येईल ते विचारलं.

ते गुळगुळीत पुस्तक सौभाग्यवतींनी टाकलं नाही. कागद जाड, पाण्यानं लवकर भिजत नाही. ओट्यावरच्या मोठ्या ड्रमचं झाकण फुटलंय, त्यावर सध्या ते ठेवलेलं असतं. हिरवळ वरच्या बाजूला, आणि तिच्याखाली आमचं आठ दिवसांचं पाणी.