नायट्रेट फिल्मचा महोत्सव

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर हे कोडॅकचं गाव. जॉर्ज ईस्टमनच्या कंपनीने १८८९ मध्ये सेल्युलॉइडची लवचीक फिल्म इथूनच बाजारात आणली. ईस्टमनच्या घरात १९४९ साली संग्रहालय सुरू झालं. त्याच्या ड्रायडन थिएटरमध्ये २०१५ पासून ‘द नायट्रेट पिक्चर शो’ हा महोत्सव भरतो. इथे पडद्यावर येते ती फक्त नायट्रेटची प्रिंट, म्हणजेच सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी छापलेली.

नायट्रेट फिल्मचा पाया सेल्युलोज नायट्रेट आणि कापूर यांच्या मिश्रणाचा असतो. सिनेमाच्या पहिल्या अर्धशतकात जगभरचे ३५ मिलिमीटरचे बहुतेक चित्रपट तिच्यावरच छापले गेले. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तिच्यावरचा, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ही तिच्यावरचाच. पण ही फिल्म विलक्षण ज्वालाग्राही. जळताना लागणारा ऑक्सिजन तिच्यातूनच सुटतो, त्यामुळे पेटलेलं रीळ पाण्यात बुडवूनही विझत नाही. नीट जपली नाही तर ती आधी चिकट होते आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. १९४८ मध्ये कोडॅकने ३५ मिलिमीटरच्या चित्रपटांसाठी सहज पेट न घेणारी अ‍ॅसिटेटची ‘सेफ्टी फिल्म’ आणली आणि पुढच्या काही वर्षांत नायट्रेटचं उत्पादन थांबलं.

इतकी धोक्याची वस्तू आज प्रोजेक्टरवर का चढवायची? कारण ही प्रिंट चित्रपटाच्या स्वतःच्या काळातली आहे. त्या वेळच्या प्रयोगशाळेने, त्या वेळच्या प्रेक्षकांसाठी ती काढलेली असते. कृष्णधवल प्रिंटमधलं चित्र चांदीच्या कणांचं असतं आणि त्यातून गेलेला प्रकाश थेट पडद्यावर पडतो. काळ्या रंगाची खोली आणि उजेडाची झळाळी कशी असावी, याचा पुरावा अशाच प्रिंटमध्ये सापडतो. जुना चित्रपट डिजिटल स्वरूपात दुरुस्त करणाऱ्याला रंग-उजेडाचा अंदाज घ्यायलाही हाच आधार लागतो.

महोत्सवाची खरी मेहनत पडद्यामागे चालते. जगभरच्या संग्रहालयांकडून आलेली प्रिंट हाताने, फूट-फूट तपासली जाते. कडेची छिद्रं फाटली आहेत का, जोड घट्ट आहेत का, फिल्म किती आकसली आहे, हे सगळं पाहिलं जातं. एक टक्क्याच्या आसपास आकसलेली फिल्मसुद्धा दातेरी चाकांवर नीट बसत नाही. चोवीस चौकटींचा एक सेकंद या हिशेबाने मिनिटाला नव्वद फूट फिल्म दिव्यापुढून सरकते. ती मध्येच अडकली तर दिव्याच्या उष्णतेने पेट घेऊ शकते. म्हणून रिळं बंद पेट्यांत फिरतात आणि आग लागलीच तर केबिनच्या झरोक्यांवर धातूची झाकणं पडतात. ऑपरेटरची नजर क्षणभरही हटत नाही.

कार्यक्रमपत्रिका महोत्सव सुरू होईपर्यंत गुप्त असते. शेवटच्या खेळाचं नाव तर पडद्यावर चित्रपट सुरू झाल्यावरच कळतं. लोक तिथे नायट्रेट पाहायला येतात. चित्रपट कोणता, हा प्रश्न नंतरचा.

या संग्रहालयाने आगीची झळ स्वतः सोसली आहे. १९७८ मध्ये तिथल्या आगीत तीनशेहून अधिक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह नष्ट झाल्या. आपल्याकडे जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि मराठी सिनेमाचा अमूल्य ठेवा जळाला. ‘संत तुकाराम’ आज पाहता येतो तो सेफ्टी फिल्मवर प्रती काढून ठेवल्या होत्या म्हणून.

हानी झाल्यावर रॉचेस्टरने दोन्ही कामं चालू ठेवली: फिल्म जपणं आणि ती दाखवणं. तिथे १९९६ पासून फिल्म-जतनाचं शिक्षणही दिलं जातं. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनेही २०२३ मध्ये फक्त फिल्मवरच्या खेळांचा महोत्सव सुरू केला आणि त्यात नायट्रेटला जागा दिली.

आपल्या महोत्सवांना नायट्रेटचं धाडस झेपणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पण ३५ मिलिमीटरचा एक चालता प्रोजेक्टर, तो हाताळणारे शिकलेले हात आणि दरवर्षी एखाद्या जुन्या मराठी चित्रपटाचा प्रिंटवरचा खेळ एवढं नक्कीच जमेल. प्रेक्षकांनी ते आयोजकांकडे मागितलं पाहिजे. रीळ लावणारी माणसं उरली नाहीत, तर डब्यांत जपलेल्या फिल्मचा उपयोग कुणालाच होणार नाही.