धुऱ्यावरचें खोकड

धारणीकडील शेतकरी खोकडास कोल्हा समजून हांकलतात. खोकड कोल्ह्याहून बरेंच लहान, वजन अवघें २ ते ३ किलो. शेपटी झुपकेदार व टोंकास काळी. मेळघाटच्या दाट सागवानांत तें रमत नाहीं. माळ, पडीत व शेताचे धुरे हेंच त्याचें घर. वाळवी, नाकतोडे, भुंगेरे व उंदीर खाऊन तें आपलेंच काम करितें. बोरेंही त्यास आवडतात. कोंबडीचें पिलूं क्वचित् उचलील, तरी खुराडें बंद ठेवणें आपल्याच हातीं आहे. विषानें मेलेले उंदीर उघड्यावर टाकूं नयेत. तें खाऊन खोकडही दगावतें. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्यास संरक्षण आहे. फाल्गुन-चैत्रांत पिलें बिळांत असतात. धुरा जाळण्यापूर्वीं बिळाचीं सर्व तोंडें पाहून तेवढी जागा सोडावी.