हप्ता ५ तारखेला, पगार १० तारखेला

बोईसरला हप्त्यावर मोबाईल घेताना आपण कागदावर सही करतो किंवा ओटीपी देतो, तो मॅन्डेट. म्हणजे आपल्या खात्यातून ठरलेले पैसे कापून घ्यायची परवानगी. कर्जाचे हप्ते बहुतेक एनपीसीआय या देशातल्या पेमेंट संस्थेच्या ‘नॅच’ यंत्रणेतून जातात; पूर्वी हे काम ईसीएस ही यंत्रणा करायची.

मॅन्डेटवरची कमाल रक्कम जरूर वाचा. हप्ता २,१०० चा आणि तिथे १०,००० दिसले तरी दचकू नका, ती वरची मर्यादा असते. पण एवढी कशाला, हे विचाराच.

खरी गोची तारखेची. तारापूर एमआयडीसीत अनेकांचा पगार सात ते दहा तारखेला होतो आणि हप्ता लागतो पाचला! खात्यात पैसे नसले की बँकेचा दंड, त्यावर १८ टक्के जीएसटी, शिवाय फायनान्सवाल्याचा दंड वेगळाच. म्हणून कर्ज घेतानाच पगारानंतरची तारीख मागून घ्या.

यूपीआय ऑटोपे हाही मॅन्डेटच, पण नॅचच्या मानाने सोपा. पैसे कापायच्या आधी सूचना येते, ॲपमधूनच रद्द करता येतं.

मॅन्डेट रद्द केला म्हणजे कर्ज फिटलं, असं मात्र नाही हं. आणि मॅन्डेट चालू असताना खातं रिकामं ठेवणंही महागात पडतं: पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली पैशाअभावी परत गेलेला हप्ता चेक बाउन्ससारखाच गुन्हा ठरू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि कर्ज फिटल्यावर नुसती एनओसी घेऊन येऊ नका, मॅन्डेट बंद झाला का तेही बँकेत विचारा.