क्षेत्रकार्यासाठी दणकट जलरोधक कॅमेऱ्याचे मूल्यमापन : सह्याद्रीतील पावसाळी छायाचित्रणाच्या संदर्भात

सारांश : वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व भूगोल या विषयांच्या क्षेत्रकार्यात छायाचित्र हे नोंदीचे महत्त्वाचे साधन आहे. सह्याद्रीतील बरेचसे क्षेत्रकार्य पावसाळ्यात होते आणि नेमक्या त्याच काळात सर्वसाधारण कॅमेरा पिशवीत बंद राहतो. प्रस्तुत लेखात ओएम सिस्टिम टफ टीजी-७ या कॅमेऱ्याचे उदाहरण घेऊन दणकट जलरोधक कॅमेऱ्याच्या मूल्यमापनाचे निकष मांडले आहेत. हे विवेचन निर्मात्याने जाहीर केलेली वैशिष्ट्ये आणि भौतिकशास्त्राची सर्वमान्य तत्त्वे यांवर आधारलेले आहे.

बीजसंज्ञा : जलरोधकता, संवेदक, निकट छायाचित्रण, दवबिंदू, क्षेत्रकार्य

प्रस्तावना

कास पठारावर ‘सीतेची आसवे’ ही इवलीशी कीटकभक्षी वनस्पती ऑगस्ट-सप्टेंबरच्या धुक्यात व भुरभुरत्या पावसात फुलते. २००९ मध्ये नवी प्रजाती म्हणून वर्णिलेला आंबोली टोड पावसाळ्याच्या प्रारंभी प्रजननासाठी बाहेर पडतो. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या डबक्यांतील जीव टिपताना खाऱ्या पाण्याचे तुषार चुकत नाहीत. अभ्यासविषय आणि पाणी यांची अशी फारकत न होणारी सोबत असल्यामुळे कॅमेऱ्याची निवड ही येथे निव्वळ सोयीची बाब राहत नाही. जे छायाचित्र काढता आले नाही, ती नोंद पुढील पावसाळ्यापर्यंत गमावलेली असते.

महाविद्यालयात उपकरण खरेदी करताना दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता तयार केला जातो. त्यात मेगापिक्सेल, झूम व किंमत हे रकाने हमखास असतात. परंतु क्षेत्रकार्याच्या दृष्टीने निर्णायक ठरणाऱ्या बाबी बहुधा या रकान्यांत येत नाहीत. त्यांचा क्रमाने विचार करू.

उदाहरणादाखल घेतलेले उपकरण

ऑलिंपसने २००६ मध्ये आणलेला म्यू-७२० एसडब्ल्यू हा छोटेखानी कॅमेरा ३ मीटर खोल पाण्यात चालत असे आणि दीड मीटर उंचीवरून पडला तरी टिकत असे. त्याच परंपरेतील टीजी-७ हा कॅमेरा २०२३ मध्ये ओएम सिस्टिम या नावाने बाजारात आला. निर्मात्याच्या म्हणण्यानुसार तो १५ मीटर खोलीपर्यंत जलरोधक असून २.१ मीटरवरून पडण्याचा आघात, १०० किलोग्रॅम भाराचा दाब आणि उणे १० अंश सेल्सिअस तापमान सहन करतो. त्याचा संवेदक १२ मेगापिक्सेलचा आहे. भिंगाची व्याप्ती ३५ मिमी प्रमाणात २५ ते १०० मिमी, तर छिद्रमान एफ/२ ते एफ/४.९ आहे. झूम करताना भिंग कॅमेऱ्याबाहेर सरकत नाही. बाहेर सरकणारा भाग नसल्यानेच कॅमेऱ्याचा सांगाडा पूर्णपणे बंदिस्त ठेवता येतो.

मूल्यमापनाचे निकष

१. जलरोधकतेचा नेमका अर्थ : ‘जलरोधक’ हे विशेषण निरपेक्ष नाही. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकानुसार आयपीएक्स-७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडवण्याची चाचणी. आयपीएक्स-८ ही त्याहून कठोर चाचणी असून तिची खोली व कालावधी निर्माता ठरवतो. म्हणून केवळ ‘आठ’ हा आकडा पुरेसा नाही. त्यासोबत किती मीटर आणि किती वेळ हे वाचले पाहिजे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याची चाचणी याहून वेगळी असते, तर समुद्राच्या पाण्याने होणारी झीज या अंकांतून कळत नाही. पाण्यात दर १० मीटरला दाब सुमारे एक वातावरण वाढतो. पाऊस, ओढा व ओहोटीची डबकी यांसाठी १५ मीटरची मर्यादा विपुल आहे. येथे खरा धोका खोलीचा नाही. झाकणाच्या रबरी सीलमध्ये अडकलेला वाळूचा एखादा कण किंवा केसही पाणी आत येण्यास पुरेसा ठरतो.

२. प्रकाशाची किंमत : बंदिस्त आणि छोट्या सांगाड्यात मोठा संवेदक बसत नाही. टीजी-७ च्या संवेदकाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिमी आहे, तर एपीएस-सी प्रकारच्या सर्वसाधारण डीएसएलआर कॅमेऱ्याच्या संवेदकाचे सुमारे ३६६ चौरस मिमी, म्हणजे जवळपास तेरा पट. छिद्रमान व उघडझापेचा वेग समान असता मोठ्या संवेदकावर एकूण प्रकाशही त्याच प्रमाणात अधिक पडतो. शिवाय पूर्ण झूम केल्यास छिद्रमान एफ/४.९ होते आणि एफ/२ च्या तुलनेत प्रकाश एकषष्ठांशावर येतो. पावसाळी जंगलाच्या अंधुक उजेडात हा तोटा ठळकपणे जाणवतो. चित्रातील कणीदारपणा पुसण्याची कॅमेऱ्याची अंतर्गत प्रक्रिया पानावरील बारीक लवही पुसून टाकू शकते. प्रजाती ओळखताना कित्येकदा हीच लव निर्णायक असते. म्हणून शक्यतो झूम टाळून विषयाजवळ जावे आणि जेपीईजीसोबत रॉ स्वरूपातही नोंद ठेवावी. दूरच्या पक्ष्यांसाठी हा कॅमेरा नव्हे, हे खरेदीपूर्वीच मान्य करणे श्रेयस्कर.

३. निकट छायाचित्रण : वर सांगितलेली उणीव येथे बलस्थान ठरते. लहान संवेदकामुळे स्पष्टतेची खोली अधिक मिळते. सूक्ष्मदर्शी पद्धतीत भिंगापासून १ सेमी अंतरावरील वस्तूही स्पष्ट टिपता येते. सेंटिमीटरभर फुलाचा अथवा शेवाळाच्या बीजाणुधानीचा तपशील स्वतंत्र मॅक्रो भिंगाविना मिळणे ही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मोठी सोय आहे. वेगवेगळ्या अंतरांवर केंद्रित केलेली दहापर्यंत चित्रे एकत्र करण्याची सुविधाही आहे. मात्र असे चित्र संयुक्त असते. त्यामुळे अहवालात तसा उल्लेख करणे हा संशोधनशिस्तीचा भाग होय. इतक्या जवळून कॅमेऱ्याचीच सावली विषयावर पडते, तेव्हा भिंगाभोवती बसवायचे प्रकाशकडे खरेदीच्या यादीत असावे. प्रजननकाळातील बेडकांच्या इतके निकट जाणे मात्र टाळावे.

४. स्थळाची नोंद : जीपीएसमुळे छायाचित्रासोबत अक्षांश-रेखांश नोंदवले जातात, उंची अथवा पाण्यातील खोली आणि तापमान यांचीही नोंद होते. भिजलेल्या वहीवर अवलंबून राहावे लागत नाही. दुर्मीळ वनस्पतीचे चित्र सार्वजनिक करताना मात्र ही माहिती वगळावी, अन्यथा नोंदच वनस्पतीच्या मुळावर येऊ शकते.

५. देखभाल व दवबिंदू : कॅमेऱ्याचे झाकण बंद करताना त्या क्षणीची हवा आत कोंडली जाते. ३० अंश सेल्सिअस तापमान व ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. अशा हवेत बॅटरी बदलून कॅमेरा २१ अंशांच्या घाटमाथ्यावर नेल्यास आतील बाष्प भिंगावर साचू शकते. याउलट २५ अंश व ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत झाकण लावल्यास दवबिंदू सुमारे १४ अंशांवर येतो आणि धोका टळतो. म्हणून बॅटरी व कार्ड निघण्यापूर्वीच कोरड्या खोलीत बसवावे. समुद्रावरून परतल्यावर झाकण न उघडता कॅमेरा सुमारे दहा मिनिटे गोड्या पाण्यात ठेवावा, पुसावा व सावलीत वाळवावा. रबरी सील साधारणतः वर्षातून एकदा बदलावे लागते. डेडस्टॉक नोंदवहीत कॅमेरा चढवताना या आवर्ती खर्चाचीही तरतूद हवी.

भ्रमणध्वनीशी तुलना

आज अनेक भ्रमणध्वनी आयपी-६८ मानांकनाचे असतात. निसर्गदृश्यांत व अंधुक उजेडात चांगला भ्रमणध्वनी या कॅमेऱ्याच्या बरोबरीचे, प्रसंगी सरस चित्र देतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तथापि पावसाचे थेंब पडलेला स्पर्शपटल ओल्या बोटांना नीट दाद देत नाही. कॅमेऱ्याची खरीखुरी बटणे तेथे उपयोगी पडतात. शिवाय विभागाचे सामायिक उपकरण विद्यार्थ्याच्या हाती निःशंकपणे देता येते. वैयक्तिक भ्रमणध्वनीबाबत असे म्हणता येत नाही.

निष्कर्ष

दणकट जलरोधक कॅमेरा सर्वोत्तम चित्र देत नाही. त्याचे मोल त्याच्याविना काढताच आली नसती अशा चित्रांत आहे. विभागाचे काम प्रामुख्याने पाणथळ जागी, किनाऱ्यावर व लहान आकाराच्या विषयांवर असेल, तर ही खरेदी समर्थनीय ठरते. काम पक्षी, सस्तन प्राणी अथवा मुद्रणयोग्य मोठी चित्रे यांचे असेल, तर मोठ्या संवेदकाचा कॅमेरा व पावसाळी आच्छादन हा पर्याय उचित होय. तुलनात्मक तक्त्यात मेगापिक्सेलच्या आधी चाचणीची खोली व कालावधी, संवेदकाचे क्षेत्रफळ, किमान केंद्रांतर, रॉ नोंदीची सोय आणि सीलची उपलब्धता असे पाच रकाने वाढवले, तरी बरेचसे निर्णय अधिक विचारपूर्वक होतील.