घड्याळ शहराचं, सातबारा गावचा

सकाळी सहाच्या सुमाराला उचगावातल्या दूध संस्थेपुढं उभं राहिलं की अर्ध्या तासात सगळं गाव समोरून जातं. म्हातारी माणसं किटल्या घेऊन येतात, पोरं सायकलीला कॅन अडकवून येतात. संस्थेतला मुलगा प्रत्येकाच्या दुधाचा चमचाभर नमुना मशिनला लावतो, फॅटचा आकडा उमटतो, चिठ्ठी फाटते. "आबा, आज सहा-चार आलंय. काल सात होतं." आबा किटली उपडी करत म्हणतात, "वैरण बदलली न्हवं. हिरवी संपली." एवढ्यात आबांचा मुलगा मोटरसायकलवरून येतो. अंगात कंपनीचा निळा शर्ट, हँडलला डबा. वडिलांच्या हातातली किटली घरात नेऊन टाकायलाही त्याला सवड नसते, कारण शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत सातची पाळी धरायची असते. तो तसाच हायवेला लागतो आणि आबा किटली हलवत चालत घरी जातात.

उचगावात अशी घरं गल्लीगल्लीत आहेत. गोठ्यात दोन म्हशी, माडीवर भाडेकरू, परड्यात शेवग्याचं झाड आणि दारात लोन काढून घेतलेली चारचाकी. हे गाव आहे की शहर, असं बाहेरचा माणूस विचारतो तेव्हा उत्तर देणारा जरा थांबतो. गावाच्या रोजच्या जगण्यातल्या बऱ्याच अडचणी या थांबण्यात आहेत, म्हणून ते नीट समजून घेतलं पाहिजे.

आधी जागा पाहू. उचगाव कोल्हापूर शहराच्या पूर्व अंगाला, पुणे-बंगळूर महामार्गाला चिकटून आहे. पुण्याकडून येणारी गाडी पंचगंगेचा पूल ओलांडून तावडे हॉटेलपाशी शहरात वळते. बाहेरच्या माणसाला तिथं कोल्हापूर लागतं, आम्हाला तिथं उचगाव लागतं. उत्तरेला नदीपलीकडं शिरोलीची औद्योगिक वसाहत आहे, दक्षिणेला गोकुळ शिरगावची. शेजारी कापडाच्या घाऊक बाजाराचं गांधीनगर, अलीकडं सरनोबतवाडी, त्यापुढं विमानतळाची उजळाईवाडी. कारखाना, बाजार, विद्यापीठ, रेल्वे, विमान हे सगळं पंधरा-वीस मिनिटांच्या टप्प्यात असल्यावर माणसं इथं राहायला येणारच. मणेर मळ्यासारख्या भागात मळ्याचं नाव राहिलं आणि मळ्यात घरं झाली.

जनगणना खात्याकडं या प्रकाराला एक नाव आहे, जनगणना शहर. लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, या तीन अटी पुऱ्या झाल्या की खातं त्या गावाची गणती शहरात करतं. उचगाव आणि गांधीनगर ही दोन्ही गावं या यादीत आहेत. पण ही गणती फक्त मोजणीपुरती असते. कारभार ग्रामपंचायतीचा तो ग्रामपंचायतीचाच राहतो. नगरपालिकेचा अभियंता, अग्निशमनचा बंब, सांडपाण्याची भुयारी व्यवस्था यातलं काहीही या नावामागून चालत येत नाही. देशात २००१ मध्ये अशी १,३६२ गावं होती, २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. म्हणजे उचगावची अडचण एकट्या उचगावची नाही. देशभर हजारो गावं शहरासारखी जगतात आणि गावाच्या तिजोरीवर चालतात.

बाहेरून माणसं येऊन वसण्याची या परिसराला जुनी सवय आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजांनी पोलंडमधून सैबेरिया आणि कझाकस्तानकडं नेलेल्या कुटुंबांपैकी काही जण सुटका झाल्यावर इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यातले सुमारे ५,००० लोक १९४३ ते १९४८ या काळात उचगावपासून हाकेच्या अंतरावर, वळिवडेच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलंच होती. बराकींमध्ये त्यांनी शाळा चालवल्या, चर्च उभारलं, नाटकं केली. ते गेले आणि फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत आली. त्यातूनच गांधीनगर उभं राहिलं आणि आज कोकणापासून कर्नाटकापर्यंतचे दुकानदार तिथं माल भरायला येतात. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. आमच्याकडची पोरं ज्या रस्त्यानं गांधीनगरला कामाला जातात त्याच्या कडेला हा इतिहास घडला, पण शाळेत तो मुलांना क्वचितच सांगितला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता डोंगर आणि तळी. हायवेच्या उड्डाणपुलावर उभं राहिलं आणि हवा स्वच्छ असली की वायव्येला जोतिबाचा डोंगर दिसतो, त्याच्या अंगाला पन्हाळ्याची रांग. आमच्या घरातली माणसं हवामानाचा अंदाज मोबाईलवर बघतात खरी, पण आजही आई परड्यातून आधी जोतिबाकडं बघते आणि मग वाळवण उचलायचं की नाही ते ठरवते. डोंगर दिसेनासा झाला की तासाभरात सर येते. त्यामागं कारण आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात शहराच्या पाचपटीहून जास्त पाऊस पडतो. तिथून आणखी पूर्वेला, शिरोळकडं जावं तसा तो घटत जातो. उचगाव या उतरत्या जिन्याच्या मधल्या पायरीवर आहे. पाऊस बेताचा, पण घाटावरचं सगळं पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीतून वाहत पंचगंगा होऊन आमच्या उत्तर कडेनं जातं.

तळी पावसाचं पाणी थांबवण्यासाठी होती. कळंबा तलाव १८८० च्या दशकात शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला आणि उतारावरून पाणी आपोआप शहरात यायचं. उचगावकरांना जवळचा तलाव म्हणजे राजाराम तलाव, विद्यापीठाच्या मागचा. सरनोबतवाडीकडून सकाळी तिथं फिरायला जाणाऱ्यांची रांग लागते, हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात, रविवारी पोरं पोहायला शिकतात. पण कोल्हापूरच्या जुन्या पेठांत जी तळी होती त्यांचं काय झालं तेही सांगायला हवं. कपिलतीर्थ बुजवलं, तिथं भाजी मंडई आली. वरुणतीर्थ बुजवलं, त्याचं गांधी मैदान झालं. आजही जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साठतं आणि क्रिकेटची पोरं कडेला बसून राहतात. आमच्या गावातले ओढे आणि विहिरी याच वाटेनं जाताना दिसतात. ओढ्यावर पाईप टाकून मुरूम टाकला, मुरमावर प्लॉट पाडला, प्लॉटवर बंगला झाला. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी बंगल्याच्या हॉलमध्ये शिरतं आणि घरातली माणसं विचारतात, हे आलं कुठून?

एवढं पाणी भोवती असताना घरातलं पाणी मात्र वेळ बघून येतं. कोल्हापूर शहरासाठी काळम्मावाडी धरणापासून थेट पाईपलाईन टाकली, २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आलं. हद्दीबाहेरच्या गावांना गांधीनगर प्रादेशिक योजनेसारख्या सामाईक नळपाणी योजनांवर अवलंबून राहावं लागतं. योजना आखली तेव्हा जेवढी घरं होती त्याच्या कितीतरी पट आता आहेत, पण नळीचा व्यास तेवढाच आहे. म्हणून आमच्या गल्लीत पाण्याची वेळ झाली की पहिला आवाज येतो तो एखाद्या वहिनीचा. "आलं गं पाणी, मोटर लाव!" मग एकापाठोपाठ एक मोटर सुरू होते आणि गल्लीच्या शेवटच्या घराचा नळ फुसफुसत राहतो. त्या घरातली बाई बादली तशीच ठेवून दारात येते आणि कोणाचंही नाव न घेता मोठ्यानं बोलते. भांडण कोणाशी करायचं हे तिलाही माहीत नसतं. शेजारणीनं मोटर लावली नाही तर तिच्या टाकीत पाणी चढत नाही, आणि लावली तर हिच्या नळाला येत नाही. माझी आई अजून तांब्याचा हंडा आधी भरते, पिंप नंतर. "प्यायचं आधी, धुण्याचं मागनं," हा तिचा नियम आहे आणि पाणी मध्येच गेलं की तो किती शहाणपणाचा आहे ते कळतं.

पावसाळ्यात हेच पाणी दुसरं रूप दाखवतं. कोल्हापुरात पुराची भाषा फुटांची आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. उचगावचा बराचसा भाग उंचावर असल्यामुळं आमची घरं बुडाली नाहीत, पण शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि गाव एका बाजूनं तुटलं. २०१९ मध्ये जवळपास आठवडाभर हायवे बंद होता. ट्रकच्या रांगा लागल्या. तमिळनाडूचे, राजस्थानचे चालक केबिनमध्ये अडकले. आसपासच्या गावांतून त्यांच्यासाठी भाकरी, आमटी, भात निघाला. आमच्या घरातून गेलेल्या डब्यासोबत आईनं खर्डा दिला होता. एका चालकानं तो चटणी समजून चमचाभर खाल्ला आणि मग अर्धा तांब्या पाणी प्यायला. शहरात मात्र उलटी तऱ्हा होती. पुराचं पाणी घरात, आणि उपसा केंद्रंच बुडाल्यामुळं प्यायचं पाणी कुठंच नाही. टँकरपुढं लागलेल्या त्या रांगा मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

म्हणून आसपासची गावं शहरात घेण्याच्या, हद्दवाढीच्या वादात मला एक गोष्ट सतत खटकते. कोल्हापूर नगरपालिका १८५४ ची, महापालिका १९७२ ची. महापालिका झाल्यापासून शहराची ६६.८२ चौरस किलोमीटरची हद्द वाढलेली नाही. प्रस्ताव कधी बेचाळीस गावांचा होतो, कधी अठरा, अलीकडं आठ. उचगाव या चर्चेत कायम असतं. शहरातले लोक म्हणतात, बस आमची वापरता, दवाखाने आमचे वापरता, मग घरफाळा का नको? गावातले लोक म्हणतात, तुमच्याच उपनगरांत गटारी नाहीत, आमच्या जमिनीवर आरक्षणं टाकाल आणि घरफाळा तिप्पट कराल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मधला मार्ग म्हणून २०१७ मध्ये बेचाळीस गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. त्यामुळं बांधकाम परवान्याची दारं बदलली, पण गल्लीतला कचरा आणि सांडपाणी ग्रामपंचायतीच्याच गळ्यात राहिलं.

या वादात बोललं जातं ते घरफाळ्याबद्दल आणि आरक्षणाबद्दल. पाण्याच्या उताराबद्दल कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी. इथल्या जमिनीचा कल नदीकडं आहे. उचगावच्या गटारीतून जे वाहतं ते ओढ्यात जातं, ओढा पंचगंगेत, आणि तीच पंचगंगा पुढं रुईवरून इचलकरंजीला जाते, तिथून शिरोळला, नृसिंहवाडीला कृष्णेत. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना मान खाली घालावी लागली. शहरात गेलो काय आणि गाव राहिलो काय, ओढ्याच्या काठची मोकळी पट्टी मोजून राखली पाहिजे, सांडपाणी शुद्ध करूनच सोडलं पाहिजे. ग्रामसभेत हा विषय निघतो तेव्हा बाकड्यांवर दहा-पंधरा माणसं असतात. हद्दवाढीच्या विरोधातल्या बंदला मात्र सगळं गाव रस्त्यावर येतं. त्यातली निम्मी माणसं ग्रामसभेला आली तरी गावाचे ओढे वाचतील असं मला खरंच वाटतं.

बंदच्या दिवशीसुद्धा दूध संस्था सुरू असते. म्हशीला बंद कळत नाही, असं आबा म्हणतात. जुलैच्या अखेरीस, सलग चार दिवस पाऊस लागला की संस्थेपुढच्या बोलण्यातून फॅटचा आकडा मागं पडतो. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाज्यातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी सुटतं. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या त्या धरणाचा कितवा दरवाजा उघडला हे दूध घालायला आलेल्या सातवीतल्या पोरीलाही पाठ असतं. आबा किटली पुढं सरकवतात, चिठ्ठी खिशात ठेवतात आणि पाळीला निघालेल्या मुलाला हात करून थांबवतात.

"बंधाऱ्यावर किती फूट झालं रं? पूल चालू हाय न्हवं?"