मालिका बघूया, पण कायदा तिथून शिकायला नको

दिवेलागण झाली की डोंबिवलीच्या इमारतीत आणि टिटवाळा-मुरबाडकडच्या आमच्या गावांत एकच आवाज ऐकू येतो, मालिकेच्या शीर्षकगीताचा. कामावरून परतणाऱ्या बायका लोकलच्या लेडीज डब्यात कालचा भाग एकमेकींना सांगत येतात. काही मालिकांचं चित्रीकरण ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या आसपासच चालतं. तरीही मालिका बघणाऱ्या बाईला घरात नावं ठेवतात. आम्हाला ते पटत नाही. दिवसभर राबल्यावर बाईला मिळालेला तो अर्धा तास तिच्या हक्काचा आहे. पण ज्या गोष्टीला आपण रोज वेळ देतो, तिच्याविषयी चार शब्द बोलायलाही हवेत.

'आई कुठे काय करते!' ही मालिका डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळजवळ पाच वर्षं चालली. मूळ कथा 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेची. त्याच कथेवरून हिंदीत 'अनुपमा' आली. पंचवीस वर्षं संसार करणाऱ्या अरुंधतीला नवऱ्याचं दुसरीकडे प्रेम असल्याचं कळतं, ती वेगळी होते आणि गाण्यात स्वतःचं नाव करते. या मालिकेवर आमच्या गटात दोन मतं पडली. काहीजणी म्हणाल्या, "चाळिशीनंतरही नव्यानं उभं राहता येतं, हे आम्हाला तिनं दाखवलं." बाकीच्या म्हणाल्या, "तीच संकटं फिरून फिरून का येतात? आणि दरवेळी सोसायचं तिनंच का?" आम्हाला दोन्ही मतं खरी वाटतात.

गोष्ट का लांबते, ते समजून घेऊ. मालिका किती लोक बघतात हे बार्क नावाची संस्था मोजते. देशभरात निवडलेल्या ५०,००० हून अधिक घरांत टीव्हीला एक यंत्र जोडलेलं असतं. घरातलं कोण बघतंय, त्याप्रमाणे ज्यानं-त्यानं आपलं बटण दाबायचं असतं. त्यावरून आकडे काढतात, त्यालाच आपण टीआरपी म्हणतो. आकडा चांगला असेल तर जाहिरातीला भाव चांगला. तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, असा नियम आहे. म्हणजे साबण आणि मसाल्याच्या कंपन्यांना विकला जातो तो आपला वेळ. आकडा टिकवायचा तर उद्या काय होईल याची हुरहुर लागली पाहिजे. म्हणून भाग संपताना दार उघडतं आणि दारात कोण ते दिसत नाही. आकडा घसरला की मालिकेची वेळ बदलते. अरुंधतीचीही मालिका शेवटच्या वर्षी दुपारी अडीचला गेली होती.

करमणुकीसाठी हे सगळं ठीक आहे. काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. घरात भांडण झालं की आपल्यातली एखादी बाई मालिकेत पाहिलं तसंच वागू बघते. तिथं चुकलं, तर पुढच्या भागात दुरुस्त होत नाही.

पहिली गोष्ट. मालिकेत नवरा म्हणतो, "चालती हो," आणि ती पिशवी भरून निघते. खरा कायदा असा नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यानं, घर तिच्या नावावर नसलं तरी, नांदत्या घरात राहण्याचा हक्क बाईला दिला आहे. कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी हा हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. मात्र जिवाला धोका असेल तर आधी सुरक्षित जागी जावं. घर सोडलं म्हणून हक्क जात नाही.

दुसरी गोष्ट. मालिकेत कागदावर सही केली की घटस्फोट झाला. खऱ्या आयुष्यात हिंदू विवाह कायद्याखाली दोघांच्या संमतीनं घटस्फोट हवा असेल, तर आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज केल्यावर साधारण सहा महिने थांबावं लागतं, काही वेळा न्यायालय ही मुदत माफ करतं. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेली 'सोडचिठ्ठी' म्हणजे न्यायालयाचा घटस्फोट नव्हे.

तिसरी गोष्ट. पहिली बायको असताना नवरा थाटात दुसरं लग्न लावतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ते लग्नच ठरत नाही, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आदिवासी समाजाला १९५५ चा कायदा थेट लागू नाही, तिथं रूढी पाहिली जाते. २००५ चा कायदा मात्र सगळ्या जातीधर्मांच्या बायकांसाठी आहे.

बचत गटाच्या बायकांसाठी आणखी एक. 'माझ्या नवऱ्याची बायको' मध्ये राधिका मसाल्याचा धंदा सुरू करते आणि बघता बघता मोठी कंपनी उभी राहते. बघायला छान वाटतं. पण मिरची कोणत्या भावानं घेतली, अन्न सुरक्षा नोंदणी कधी केली, उधारी कशी वसूल केली, हे मालिकेत कुठे दिसतं? तेच तर आपल्याला रोज करावं लागतं. हुरूप राधिकाकडून घ्यावा, हिशेब मात्र आपल्या वहीतून.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं काढा. कोणतीही एक मालिका घ्या आणि एकमेकींना तीन प्रश्न विचारा. यातली कोणती बाई आपल्यासारखी आहे? तिच्या जागी आपण काय केलं असतं? आणि कायदा काय म्हणतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर अंदाज बांधू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, वकिलाची मदत मोफत मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ आहे. हे दोन्ही नंबर टीव्हीशेजारच्या भिंतीवरच लिहून ठेवा. जाहिराती लागल्या की नजर पडेल.