सोनकी आणि काढा

भाद्रपदात कास पठारावर गेलेल्यास सोनकीची ओळख करून द्यावी लागत नाही. तेरड्याच्या गुलाबी ताटव्यांशेजारी ही वीत-दीड वीत उंचीची वर्षायू वनस्पती उतारच्या उतार पिवळे करून टाकते. हिचे शास्त्रीय नाव सेनेसिओ बॉम्बेएन्सिस, कुल सूर्यफुलाचे. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो वस्तुतः अनेक पुष्पकांचा स्तबक असतो. कडेची पाकळीसारखी दिसणारी ती किरणपुष्पके आणि मधली नळीच्या आकाराची ती बिंबपुष्पके. बी धरल्यावर प्रत्येक फळाच्या माथ्यावर पांढऱ्या रेशमी केसांचा झुपका येतो व वारा त्याला घेऊन जातो. लॅटिनमध्ये ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा. प्रजातीचे नाव त्या पांढऱ्या केसांवरूनच पडले.

काही वर्षांपूर्वी पठारावरील सहलीत एका सहकाऱ्याच्या वृद्ध मातोश्रींनी मला विचारले, “डॉक्टर, आमच्या गावाकडच्या डोंगरावर ही ढिगाने येते. वाळवून नातवाच्या सर्दीच्या काढ्यात घातली तर?”

मी चटकन “नको” म्हणालो. सेनेसिओ प्रजातीतील अनेक जातींत पायरोलिझिडीन अल्कलॉइडे असतात. यकृतातच त्यांचे विषारी पायरोलमध्ये रूपांतर होते आणि यकृतातील सूक्ष्म शिरा बंद पडतात. यकृत वाढते, पोटात पाणी साठते. जमैकातील मुलांमध्ये हा विकार रानपाल्याच्या चहाशी निगडित असल्याचे वर्णन १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या चहात सेनेसिओ आणि खुळखुळ्याच्या प्रजातीतील वनस्पती असत. आपल्याकडे १९७० च्या दशकात, तेव्हाच्या मध्य प्रदेशातील सरगुजा जिल्ह्यात, गोंदली या तृणधान्यात खुळखुळ्याच्या प्रजातीचे बी मिसळले जाऊन अशीच साथ उद्भवली होती. तेथे तर कोणी औषध म्हणून काही घेतलेही नव्हते; रोजच्या जेवणातून विष गेले.

मोठे यकृत आणि जलोदर घेऊन मूल समोर आले, की आपण क्षय, विल्सनचा विकार यांच्या तपासण्या लिहून देतो. घरी कोणता पाला उकळून दिला, हे विचारायचे राहून जाते. माझ्याकडूनही ते अनेकदा राहिले आहे, आणि विचारले तरी आजी समोर असल्याखेरीज खरे उत्तर क्वचितच मिळते.

मातोश्रींनी सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “बरं, तुळस तरी चालेल ना?”

“नातू केवढा आहे?”

“चार महिन्यांचा.”

“मग तूर्त तीही नको. आईचे दूध पुरे.”